‘म्हातारी मध्येच आली’: गंगेवरच्या गर्दीतल्या अपघातात दोष कोणाचा, हे कसं ठरतं

पारोळ्याहून एका ताईंनी विचारलं आहे. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धासाठी घरचे सगळे नाशिकला आले होते. मालेगाव स्टँडकडून रामकुंडाकडे पायी उतरत होते. फुटपाथवर दुकानांचा माल आणि उभ्या दुचाकी, म्हणून सगळे रस्त्याच्या कडेकडेने चालले होते. मागून भाविकांची एक मिनीबस आली आणि 58 वर्षांच्या सासूबाईंना धक्का बसला. उजव्या मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून रॉड टाकावा लागला. चालक म्हणतो, ‘म्हातारी मध्येच आली.’ आजूबाजूचे दोघं-तिघंही तेच म्हणाले. पोलिसांनी नोंद घेतली, पण गुन्हा अजून दाखल नाही. आता गाडीमालकाचा माणूस 40 हजार रुपये आणि स्टॅम्प पेपर घेऊन घरी येऊन गेला आहे. अपघाताला 12 दिवस झाले. ताईंचे प्रश्न दोन: तिथे झेब्रा क्रॉसिंग नव्हतं आणि आम्ही फुटपाथ सोडून चाललो होतो, मग चूक आमची धरतील का? आणि थोडी चूक आमची निघाली तर काहीच मिळणार नाही का?

ताई, मी गेली 24 वर्षं नाशिकच्या न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवते. आधी तातडीचं सांगते: त्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका, सासूबाईंचा अंगठाही उठवू देऊ नका. ‘आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही, अपघात आमच्या चुकीने झाला’ हे वाक्य त्यात हमखास असतं. पुढे विमा कंपनीचे वकील हाच कागद न्यायालयात दाखवतात. रॉड टाकलेल्या मांडीला फिजिओथेरपी लागते, कधी रॉड काढायला दुसरं ऑपरेशन लागतं. 40 हजारांत त्यातलं काय भागणार?

आता दोषाकडे येऊ. अपघातानंतर पहिल्या पाच मिनिटांत रस्त्यावर जे बोललं जातं त्याला फार मोठं वजन आहे असं लोकांना वाटतं. तसं नसतं. ‘मध्येच आली’ हे वाक्य मी शेकडो कैफियतींत, म्हणजे समोरच्या बाजूच्या लेखी उत्तरांत, वाचलं आहे. न्यायालय तिथे थांबत नाही, पुढचे प्रश्न विचारतं. कुठून मध्ये आली? किती पावलं टाकली? चालकाला ती किती आधी दिसायला हवी होती? आणि दिसली तेव्हा त्याने काय केलं?

याचा साधा हिशोब आहे. ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास 7 मीटर जाते. माणूस पाहून ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 7 मीटर गेले. नंतर गाडी थांबायला आणखी तीन-चार मीटर, उतारावर त्याहून जास्त. हीच गाडी ताशी 10 ने चालली असती तर चार मीटरच्या आत थांबली असती. साठीला आलेली, हातात पिशवी असलेली बाई सेकंदाला फार तर एक मीटर चालते. ती रस्त्याच्या मधोमध सापडली असेल तर तिथे पोचायला तिला तीन सेकंद लागले असणार आणि ते तीन सेकंद ती चालकाच्या डोळ्यांसमोर होती. मग ‘अचानक’ हा शब्द टिकत नाही. ती कडेलाच होती आणि फक्त अर्धं पाऊल बाजूला झाली, असं चालक म्हणत असेल तर दुसरा प्रश्न उभा राहतो: माणसांच्या रांगेच्या इतक्या जवळून, एखाद्याचं अर्धं पाऊल इकडचं तिकडे झालं तर थांबता येणार नाही अशा वेगाने, तू गाडी का नेलीस? दोन्ही बाजूंनी उत्तर चालकाकडूनच मागितलं जातं.

नाशिकमध्ये गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात आणि ‘गंगेवर’ म्हणजे रामकुंडाच्या आसपासचा सगळा परिसर. तिथे काय असतं, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बायका, पिंडदानाला आलेली, रडून डोळे सुजलेली माणसं, नवख्या गावात मान वर करून पाट्या वाचणारे यात्रेकरू, काळाराम मंदिराकडे धावणारी मुलं. हे लोक रस्त्याचे नियम पाळतीलच असं धरून तिथे गाडी चालवता येत नाही. 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार पादचारी, मुलं, वृद्ध आणि अपंग यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी चालकाने घ्यायची आहे. मी युक्तिवादात नेहमी सांगते की अशा ठिकाणी वेगमर्यादेची पाटी असो-नसो, समोरची गर्दी हीच चालकाला मिळालेली सूचना असते. आणि जिथे पाटी असते तिथेही तिच्यावरचा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढ्या वेगाने जायचा हक्क नव्हे.

झेब्रा क्रॉसिंगबद्दल तुमच्या मनात भीती आहे, म्हणून स्पष्ट सांगते. झेब्राबाहेर रस्ता ओलांडला म्हणजे आपोआप पादचाऱ्याची चूक, असा नियम नाही. जवळ झेब्रा होता का? पट्टे दिसत होते की पुसले गेले होते? त्यांच्यावर रिक्षा उभ्या होत्या का? हे सगळं पाहिलं जातं. आणि तुमच्या सासूबाई तर रस्ता ओलांडतच नव्हत्या. फुटपाथ असून अडवलेला असेल तर पायी माणसाने रस्त्याच्या कडेने चालणं हा निष्काळजीपणा ठरत नाही, त्याच्यापुढे दुसरा मार्गच नसतो. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअडथळा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं आहे. ‘फुटपाथ सोडून का चाललात’ असं कोणी विचारलं तर हे पहिलं उत्तर.

आता पादचाऱ्याची चूक कधी धरली जाते तेही ऐका, कारण माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी गोड बोलून पाठवत नाही. उभ्या बसच्या पुढून धावत रस्त्यावर येणं, पांडवलेण्यांच्या बाजूला मुंबई-आग्रा महामार्गाच्या दुभाजकाची जाळी वाकवून पलीकडे जाणं, कानाला मोबाइल लावून रहदारीत शिरणं, दारू पिऊन रस्त्यावर येणं. महामार्गावरच्या अशा एका दाव्यात माझ्याच पक्षकाराच्या वाट्याला निम्मा दोष आला होता. दुभाजकावर चढून रात्री नऊला रस्ता ओलांडणारा माणूस, गडद कपडे, खांबावरचे दिवे बंद. मी खूप भांडले, पण आज मागे वळून पाहिलं तर निकाल चुकीचा होता असं म्हणता येत नाही. तिथे वेगाने जाणाऱ्या चालकाने माणसाची अपेक्षा ठेवावी अशी जागाच नव्हती. गंगेवरचा उतार आणि महामार्ग यांत फरक आहे तो हाच, आणि म्हणून घटनास्थळाचं वर्णन नीट लिहिलं जाणं मला कायद्याच्या कलमाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. थोडी चूक निघाली म्हणून भरपाई जात नाही, तेवढ्या प्रमाणात कमी होते. कोर्टात याला आम्ही कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्सच म्हणतो. समजा, खर्च, बुडालेली मजुरी, वेदना आणि अपंगत्व धरून भरपाई 6 लाख ठरली आणि सासूबाईंचा दोष 20 टक्के धरला, तर हातात 4 लाख 80 हजार येतात. पण 20 टक्के म्हणायलाही पुरावा लागतो आणि तो द्यायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची असते. विमा कंपनीने कैफियतीत नुसतं लिहिलं म्हणून भागत नाही. चालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन शपथेवर सांगावं लागतं आणि आमच्या उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं. पुष्कळ दाव्यांत चालक येतच नाही. मग त्याच्या गैरहजेरीचा अर्थ न्यायालय त्याच्या विरुद्ध लावू शकतं. लहान मुलांच्या बाबतीत तर असा दोष सहसा धरतच नाहीत, कारण चार-पाच वर्षांच्या पोराकडून रहदारीची समज कोणी अपेक्षित करत नाही.

एक उलटतपासणी मी विसरले नाही. त्या दाव्यातही बाई गंगेवरून परतत होत्या, हातात पाण्याने भरलेला तांब्या होता. चालक पिंजऱ्यात आला आणि म्हणाला, ‘त्या धावत रस्ता ओलांडत होत्या.’ मी विचारलं, ‘तुम्हाला त्या पहिल्यांदा कुठे दिसल्या?’ तो म्हणाला, ‘दिसल्या नाहीत मॅडम, आवाज आला तेव्हाच कळलं.’ मी तिथेच खाली बसले. ज्याला बाई दिसल्याच नाहीत, तो ती धावत होती हे कसं सांगणार? पंचनाम्यात लिहिलं होतं की एक चप्पल दुकानाच्या पायरीपासून चार फुटांवर पडली होती आणि तांब्या तिथेच बाजूला होता, तोंड रस्त्याकडे. रस्त्याच्या कडेला चार फुटांवर चालणारी बाई, आणि समोर न पाहणारा चालक. त्या निकालात बाईंवर शून्य टक्के दोष आला. निकाल फिरवला तो पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारांच्या त्या एका ओळीने.

म्हणून घटनास्थळाच्या पंचनाम्याची प्रत मिळवा आणि ती बारकाईने वाचा. रस्त्याची रुंदी लिहिली आहे का? फुटपाथ अडवलेला होता, हे आहे का? चाकं घासल्याच्या खुणा किती लांब? काचेचे तुकडे, चप्पल, रक्ताचे डाग कडेपासून किती अंतरावर? आपल्याकडच्या फिर्यादीत एक ठरलेलं वाक्य असतं: ‘वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून’. ते असायलाच हवं, पण तेवढंच असेल तर ते पोकळ आहे. खाली मोजमाप पाहिजे. पंचनाम्यात काही राहिलं असेल तर आजच जाऊन त्याच ठिकाणी, त्याच वेळेला, मोबाइलने व्हिडिओ काढा. सकाळची गर्दी, फुटपाथवरचा माल, दुचाकींची रांग, सगळं त्यात येऊ द्या. उद्या अतिक्रमण हटलं तर परवा कोणी म्हणेल की फुटपाथ मोकळाच होता.

तुम्ही लिहिलंय की मिनीबसचा डावा आरसा वाकला होता. ताई, तुमच्या चिठ्ठीतली ही सगळ्यांत मोलाची ओळ आहे. सासूबाई डाव्या कडेने पुढे चालल्या होत्या आणि गाडी मागून आली. त्या रस्त्यात मध्येच शिरल्या असत्या, तर उजवीकडे वळल्यामुळे गाडी त्यांच्या उजव्या अंगावर आली असती आणि खूण गाडीच्या समोरच्या भागावर, बॉनेटवर किंवा नंबरप्लेटजवळ असायची शक्यता जास्त. डावा आरसा आणि डावा कोपरा लागला असेल तर गाडीच कडेच्या माणसाला घासत गेली, हे दिसतं. डॉक्टरांनाही विचारा की खरचटलेलं आणि काळं-निळं अंग नेमकं कुठे होतं. पोटरीच्या मागे, पाठीवर, कोपराच्या मागच्या बाजूला असेल तर मार मागून आला. गाडीची तपासणी आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाकडून होते आणि त्याच्या अहवालात या खुणा येतात. गाडी सोडवून गॅरेजमध्ये नवा आरसा बसवण्याआधी ती तपासणी झाली आहे का, हे तपासी अंमलदारांना लेखी विचारा.

दुसरा कागद दवाखान्याचा. जिथे पहिल्यांदा नेलं तिथल्या केस पेपरच्या पहिल्या दोन ओळी वाचा. घाईत कोणीतरी ‘पडल्याने मार’ एवढंच सांगतं आणि तेच लिहिलं जातं. सहा महिन्यांनी विमा कंपनी म्हणते की बाई घाटाच्या पायरीवरून घसरल्या, गाडीचा संबंध नाही. असं लिहिलं गेलं असेल तर आत्ताच डॉक्टरांना लेखी अर्ज देऊन पोलिसांच्या नोंदीचा हवाला द्या आणि पोहोच घ्या. जुनी नोंद खोडायला सांगू नका. खाडाखोड केलेला कागद दोन्ही बाजूंनी घात करतो.

तिसरी गोष्ट कॅमेरे. त्या रस्त्यावर दुकानांचे, लॉजचे कॅमेरे आहेत आणि शहरातले सरकारी कॅमेरेही आहेत. दुकानातल्या यंत्रात जुनं चित्रण काही आठवड्यांतच पुसून त्यावर नवं येतं. तुमचे 12 दिवस गेले आहेत. आज-उद्यात कोणाला तरी नाशिकला पाठवा, दुकानदाराला हात जोडून विनंती करा आणि पोलिस ठाण्यात ‘अमुक तारखेचं अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावं’ असा लेखी अर्ज द्या. ते चित्रण पुढे पुराव्यात आणायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. ते वकील पाहतील, पण चित्रणच नसेल तर प्रमाणपत्र कशाचं घेणार?

गुन्हा दाखल होत नाही, याची तुम्हाला चिंता आहे. वाहन बेदरकार चालवणं हे भारतीय न्याय संहितेचं कलम 281 आणि त्यामुळे गंभीर दुखापत झाली की कलम 125. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच आहे. नाशिकला परत यायला जमत नसेल तर पारोळ्याच्या ठाण्यातही फिर्याद देता येते, ते ‘झिरो’ने नोंदवून नाशिकला पाठवतात. कोणीच घेत नसेल तर पोलिस आयुक्तांना लेखी कळवा, त्यानेही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. उशीर का झाला, हे फिर्यादीत प्रामाणिकपणे लिहा: ऑपरेशन होतं, सगळे दवाखान्यात होते. घरच्यांनी आधी जखमीला वाचवावं की ठाणं गाठावं? सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलं आहे की केवळ फिर्यादीला उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नये.

फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या वाटा आहेत. खटल्यात चालकाचा गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात एवढं कडक माप नाही, जास्त शक्य काय वाटतं एवढं पाहतात. चालक खटल्यातून सुटला तरी दावा पडत नाही. आमच्या भागातली किती तरी माणसं ‘केस सुटली’ हे ऐकून दावाच करत नाहीत, आणि मला याची फार हळहळ वाटते.

आणखी कोणाचा दोष? कधी कधी एकट्या चालकाचा नसतो. समजा फुटपाथला लागून एखादी ट्रॅव्हल बस चुकीच्या जागी उभी होती आणि तिला वळसा घालताना माणूस रस्त्यावर आला. मग तिचाही वाटा धरता येतो. गाडी उभी असली तरी ती ‘वापरात’ असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका उलटून पडलेल्या पेट्रोल टँकरच्या दाव्यात मान्य केलं आहे. दोन वाहनांची मिळून चूक असेल तर त्याला कंपोझिट निग्लिजन्स म्हणतात. त्यात जखमी माणूस कोणा एकाकडून पूर्ण रक्कम वसूल करू शकतो, त्यांचा आपसातला हिशोब ते बघून घेतील. 2015 च्या निकालाने हे पक्कं झालं आहे. जखमीची स्वतःची चूक आणि दोन वाहनांची मिळून चूक यांत गल्लत करू नका. पहिल्यात तुमचे पैसे कापले जातात, दुसऱ्यात कापले जात नाहीत. विमा कंपनीचा वकील ही गल्लत मुद्दाम होऊ देतो, तेव्हा तुमच्या वकिलांनी लगेच उठलं पाहिजे.

रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या यंत्रणेचं काय? मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198अ आलं. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खड्ड्यांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये मोठा आदेश दिला: खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख, जखमींना दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख. सिंहस्थाच्या कामांसाठी नाशिकचे रस्ते खणले जात असताना हा आदेश इथल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत मात्र खड्डा नव्हता, म्हणून मी तुम्हाला त्या वाटेला पाठवणार नाही. अडवलेला फुटपाथ इथे आपल्याला ढाल म्हणून वापरायचा आहे, त्या कडेने का चालल्या होत्या याचं उत्तर म्हणून.

वाहनबंदीचा मुद्दाही तपासा. पर्वणीला, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला, मोठ्या सणांना पोलिस काही रस्ते वाहनांना बंद करतात आणि तशी अधिसूचना निघते. तुमच्या अपघाताच्या दिवशी तो रस्ता बंद असेल आणि तरी मिनीबस आत शिरली असेल तर ती प्रत मिळवाच. बंदी मोडून गर्दीत घुसलेल्या चालकाला ‘मध्येच आली’ म्हणायला तोंड राहत नाही. 31 ऑक्टोबर 2026 पासूनच्या सिंहस्थात हा मुद्दा पुन्हा पुन्हा येणार आहे.

असाच एक दावा त्र्यंबक रस्त्यावरचा. निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेली दिंडी, पहाटेचा अंधार, पौषातली थंडी. मागून आलेल्या पिकअपने शेवटच्या रांगेतल्या दोघांना उडवलं. विमा कंपनीचं म्हणणं, दिंडी उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील अशी चालायला हवी होती. तसं चालणं जास्त सुरक्षित असतं, हे खरंच आहे आणि मी ते दिंड्यांना दरवर्षी सांगते. पण त्या पहाटे 60 माणसं, भगव्या पताका, टाळ-मृदंगाचा आवाज आणि पिकअपचे चालू हेडलाइट हे सगळं चालकाला दिसत-ऐकू येत होतं. चालणाऱ्यांवर दोष आला नाही. ज्याला दिसू शकत होतं त्याने पाहिलं का, हाच प्रश्न पुन्हा.

आता दावा कुठे आणि कधी. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात, म्हणजे जळगाव जिल्ह्यातच, दावा करता येतो, दर तारखेला नाशिकला यायची गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली, म्हणजे चालकाचा दोष दाखवून भरपाई मागायला, अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका, सहा महिन्यांतच दाखल करा. पोलिसांनीही 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का, हे विचारत राहा. कलम 164 खाली दोष सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला 5 लाख मिळतात, पण ते घेतले की 166 चा दावा संपतो. तुमच्याकडे आरशासारखा पुरावा असताना आणि सासूबाईंचं निंदणी-कापणीचं काम कायमचं बंद होण्याची भीती असताना घाईने 164 कडे जाऊ नका, आधी आकडा काढून घ्या. त्या रोजाने शेतात जात होत्या याची पावती नसते म्हणून घाबरू नका. शेतमालक आणि सोबतच्या बाया साक्ष देऊ शकतात. घरकामालाही भरपाईत किंमत आहे, न्यायालयं ती धरतात.

दवाखान्याचा खर्च तुम्ही सोन्याची पोत गहाण ठेवून भरला, असं लिहिलंय. मे 2025 पासून केंद्राची योजना आहे: रस्ते अपघातातल्या जखमीला नोंदणीकृत दवाखान्यात पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार. तुमचे ते सात दिवस गेले, पण गावात चार जणांना सांगून ठेवा, पुढच्या एखाद्या घराची पोत वाचेल. सगळ्या बिलांच्या मूळ पावत्या, रिक्षाभाडं, सोबत राहिलेल्या माणसाचा बुडालेला रोज, सगळं एका वहीत तारखेनिशी लिहा.

आणि गाडी पळून गेली असती तर? तेव्हा मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार, अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात. तुमच्याकडे गाडीचा नंबर आहे, तो प्रश्न नाही.

शेवटची विनंती छोटी आहे. त्या दिवशी सासूबाईंच्या अंगावर असलेलं लुगडं आणि पायातल्या चपला फेकल्या नसतील तर शोधा. लुगडं धुऊ नका. मागच्या बाजूला काळा घासलेला डाग असेल तर त्याचा फोटो काढा, मग ते कागदी पिशवीत घडी घालून ठेवा, प्लास्टिकच्या नको, दमट होऊन बुरशी येते. पहिल्या भेटीला वकिलांकडे जाताना ती पिशवी सोबत न्या.